सहलीच्या अहवालात आपण कुठे असतो?

समाजशास्त्राच्या अभ्यास सहलींचे अहवाल मी वीसेक वर्षं तपासते आहे. पहिलं वाक्य आता पाठ झालंय : ‘दिनांक अमुक रोजी सकाळी ठीक सहा वाजता महाविद्यालयाच्या प्रांगणातून बस निघाली.’ (बस कधीच सहाला निघालेली नाही. सव्वासात, कधी साडेसात.) मग गावात स्वागत, सरपंचांचं मनोगत, लोकसंख्या, पिकं, शाळा, मंदिर, बचत गट, बॅनर धरून काढलेला फोटो आणि शेवटी ‘या सहलीतून आम्हाला खूप काही शिकायला मिळाले.’ ते खूप काही म्हणजे काय, हे सांगायच्या आत पान संपलेलं असतं.

या अहवालांत गाव असतं, गावाला गेलेले नसतात. बसमध्ये खिडक्या कुणी पटकावल्या, मुक्कामी भांडी कुणी घासली, कुणाचं आडनाव ऐकल्यावर यजमान एकदम औपचारिक झाले, कोण कुणाच्या डब्यातलं खात नव्हतं, वर्गातले बावीस जण आलेच नाहीत ते का, यातलं अक्षरही नाही. जणू चाळीस कॅमेरे सहलीला जाऊन आले.

देश बघायला मुलांना गटाने न्यायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी पुस्तकातला समाज आणि प्रत्यक्ष क्षेत्रात दिसणारा समाज यांत केलेला फरक आम्ही पहिल्याच वर्षी फळ्यावर लिहितो आणि पुढची तीन वर्षं तो पुस्तकातूनच शिकवतो. पण सहल ज्या गावाला जाते त्या गावाइतकाच, कधीकधी जास्तच, तिच्यातला गट शिकवतो असं माझं म्हणणं आहे. वेगवेगळ्या जातींची, धर्मांची, ऐपतीची चाळीस मुलं-मुली दहा-बारा दिवस एका छताखाली झोपतात, एका नळावर रांग लावतात, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात आधी घडलेली नसते. पुढेही कदाचित घडणार नाही. हा हाताशी असलेला समाज सोडून आपण बॅनर घेऊन दुसऱ्यांचा समाज बघायला जातो.

यात माझा काही शोध नाही. इरावतीबाई कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या त्यावर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. मराठीतला प्रवासातून केलेल्या समाजशास्त्राचा तो वस्तुपाठ आहे. त्या ज्या दिंडीत होत्या तिच्यात ब्राह्मण होते, मराठे होते. अभंग सगळे मिळून म्हणत, वाट एकच चालत, पण मुक्कामावर चुली वेगळ्या आणि पंगती वेगळ्या. बाईंनी ते नोंदवलं, आणि आपल्याला त्याचा त्रास झाला हेही नोंदवलं. डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारी ही बाई दिंडीच्या बाहेर वही घेऊन उभी राहिली नव्हती, दिंडीतच होती. म्हणूनच चूल वेगळी असल्याचं तिला कळलं. रस्त्याकडेला उभं राहून पाहणाऱ्याला फक्त टाळ-मृदंग ऐकू येतो.

दुसरी सहल 1934 सालची. अस्पृश्यता निवारणाच्या चळवळीतले बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे तीसेक सहकारी वेरूळची लेणी बघायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. तो तेव्हा निजामाच्या राज्यात. प्रवासाची धूळ अंगावर होती म्हणून काहींनी किल्ल्याच्या दारापाशी असलेल्या टाक्यातल्या पाण्याने हातपाय धुतले. टाकं बाटवलं म्हणून गावातले मुसलमान धावून आले. बरीच बाचाबाची झाल्यावर किल्ला बघू दिला, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. लक्ष ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

आज त्याच किल्ल्यावर दर हिवाळ्यात शाळा-कॉलेजांच्या बसगाड्यांची रांग लागते. गाइड चांद मिनार दाखवतो, मेंढा तोफ दाखवतो, अंधारी या काळोख्या भुयारी वाटेत टॉर्च विझवून मुलांना किंचाळायला लावतो. टाक्याची गोष्ट सांगताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही. एका वर्षी मी दारापाशी सगळ्यांना बसवून ते पान वाचून दाखवलं. त्या वेळी पाण्याची एक बाटली हातोहात फिरत होती. वाचता वाचता माझं लक्ष तिच्याकडे गेलं. कोण तोंड लावून पितंय, कोण वरून ओततंय? वरून पिणारा जात पाळतोच असं अजिबात नाही, कित्येकांना ते घरचं वळण असतं. मात्र एका मुलाने आपली बाटली पुढे केली, तेव्हा तिघांनी ‘नको, तहान नाही’ म्हटलं आणि चौथ्याने दुसऱ्याच्या बाटलीतून घेतलं. मी काही बोलले नाही. रात्री वहीत लिहा म्हटलं : आज पाणी कुणी कुणाकडून घेतलं? सहा जणांनी लिहिलं. त्या सहांत तो मुलगाही होता. त्याची ओळ एवढीच, ‘मॅडम, मी बाटली आणणं पहिल्या दिवसापासून बंद करायला हवं होतं.’ इथे मला सहलीचा अर्थ कळला असं म्हणणार नाही. मला लाज वाटली, एवढं खरं.

प्रश्नावली या प्रकाराबद्दलही थोडं बोलायला हवं. आमच्याकडे छापील प्रश्नावली न्यायची पद्धत आहे. एका गावात चाळीस घरं केली. प्रश्न क्रमांक सतरा : ‘आपल्या गावात जातिभेद पाळला जातो का? हो / नाही.’ चाळीसपैकी चाळीस ‘नाही’. मुलं खूश, गाव सुधारलंय असा निष्कर्ष बसमध्येच तयार झाला. ज्या घरी दुपारचा चहा झाला तिथे मात्र अकरा कपबशा आणि दोन कागदी कप होते. कपबशा कमी पडल्या असतील, असं कुणीतरी म्हणालं. असतीलही. पण घरात शिरताना वहिनींनी एकेकाला ‘आडनाव काय, कुठले तुम्ही?’ विचारलं होतं आणि कागदी कप नेमके दोन विशिष्ट आडनावांपुढे आले होते. प्रश्न क्रमांक सतराचं उत्तर त्या ट्रेमध्ये होतं. ट्रे वाचायला शिकवणं हे खरं काम, आणि ते वर्गात बसून शिकवता येत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप येतो : मग लांब कशाला जायचं? जात, वर्ग, कुटुंब सगळं आपल्या गल्लीतही आहेच की. आहेच. पण गल्लीतलं इतकं सवयीचं असतं की तो नियम आहे हेच जाणवत नाही.

उदाहरण नात्यांचं घेते. इरावतीबाईंनी 1953 साली भारतीय नातेसंबंधांवरचा ग्रंथ काढला आणि देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडले. आपण मधल्या पट्ट्यात येतो, दोन्हीकडच्या रीतींच्या सांध्यावर. हे मी दर वर्षी शिकवते, मुलं दर वर्षी तक्ता पाठ करतात, पाच गुण मिळवतात. मग एका वर्षी आम्ही हरियाणातल्या एका गावात चार दिवस राहिलो. संध्याकाळी अंगणात खाटांवर बायका बसलेल्या, आमच्या मुली भोवती. गप्पांत एक मुलगी सहज म्हणाली, माझ्या वडिलांनी त्यांच्या मामाच्या मुलीशी लग्न केलंय. हिंदीत तिने ते बरोबर सांगितलं होतं. तरी म्हातारीने माझ्याकडे वळून विचारलं, ‘ये क्या कह रही है? भाई-बहन का ब्याह?’ दोन-तीन जणींनी तोंडाला पदर लावला. तिथे गोत्र टाळायचं, गाव टाळायचं, शिवेला शीव लागलेली गावंसुद्धा टाळायची. गावातली सगळी मुलं-मुली एकमेकांची भावंडं. त्या मुलीला रडू फुटलं, मग राग आला.

रात्री गच्चीवर बैठक बसली, माझ्याशिवाय. दुसऱ्या दिवशी मला वृत्तान्त मिळाला. एकाने सांगितलं, आमच्यात मामेबहीण म्हणजे सख्खी बहीण, तिच्याशी कसलं लग्न. दुसरी म्हणाली, आमच्यात मामाची चालते, आत्याची नाही. एका मुस्लिम मुलीने सांगितलं, आमच्यात चुलत भावंडांचंही होतं. सोलापूरकडची एक जण म्हणाली, आमच्या सीमेपलीकडच्या नातेवाइकांत बहिणीच्या मुलीशी लग्न झालेलं आहे. तीन वर्षं एका बाकावर बसणाऱ्यांना हे एकमेकांबद्दल ठाऊक नव्हतं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने जवळच्या नात्यातली लग्नं मना करताना रूढीला अपवाद म्हणून जागा का ठेवली, हे मी दोन तास शिकवून जमलं नसतं, ते त्या गच्चीवर झालं. हरियाणाच्या अंगणाने त्यांना त्यांचंच घर परकं करून दाखवलं. लांब जायचं ते एवढ्यासाठी.

नागालँडची सहल ठरत होती तेव्हाही असंच काहीसं झालं. आपल्याच देशात जायला परवाना कशाला, म्हणून मुलं तावातावाने बोलू लागली. हा परवाना ज्याच्यामुळे लागतो तो इनर लाइनचा नियम 1873 चा आहे, इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी आखलेली ती रेघ पुढे तिथल्या लोकांना स्वतःच्या संरक्षणासाठी का हवीशी वाटली, हा शोध घेताना निम्मा अभ्यास निघण्याआधीच झाला. बाकी निम्मा पैशाअभावी राहिला, सहल रद्द झाली.

आता मार्गाबद्दल. अकरा दिवसांत नऊ ठिकाणं हा आमचा आवडता कार्यक्रम. दिल्लीत संसद बाहेरून, आग्ऱ्यात ताज, जयपूरला खरेदी, मधे एक ‘ग्रामभेट’. प्रवासी कंपनीचं पत्रक आणि आमचं वेळापत्रक शेजारी ठेवलं तर फरक फक्त लेटरहेडचा. राज्यातल्या सहली राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारला जातात. या गावांनी पाण्याचं, गवताचं, श्रमदानाचं जे केलं त्याला तोड नाही. पण इतकी वर्षं इतके पाहुणे झेलल्यावर तिथली माणसं पाहुण्यांना काय सांगायचं यात तरबेज झाली आहेत, आणि तो त्यांचा दोष नाही. मुलांना तिथे गाव दिसत नाही, गावाचं सादरीकरण दिसतं.

ठिकाणांऐवजी एखादा धागा धरून जावं, असं माझं मत बनत गेलं. ऊसतोडीचा धागा घ्या. पावसाळ्यात बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात चार दिवस राहायचं, तेव्हा माणसं घरी असतात, टोळी जमवणारा मुकादम फिरत असतो, उचल म्हणजे आगाऊ रक्कम ठरत असते. मग जानेवारीत त्याच टोळीला सांगली-कोल्हापूरकडच्या कारखान्याच्या तळावर, त्यांच्या कोपीत म्हणजे झोपडीत जाऊन भेटायचं. एका मुलीने मुकादमाची वही मागून पाहिली. नावांपुढे ‘कोयता’ असा रकाना. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता. उचल जोडीवर, पण वहीत नाव नवऱ्याचं. बाई पहाटेपासून फडात तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, आणि हिशेबाच्या वहीत तिला नावच नाही. त्या मुलीने विचारलं, ‘बायको नसेल तर?’ मुकादम हसला, ‘म्हणून तर लग्नं लवकर उरकतात.’ बालविवाहाची कारणं आम्ही परीक्षेत विचारतो. अज्ञान, अंधश्रद्धा, हुंडा अशी उत्तरं येतात. अर्धा कोयता हे उत्तर कुठल्याच गाइडमध्ये सापडणार नाही.

खाडा पडला की दंड, हे कळल्यावर पुढचा प्रश्न मुलींनीच काढला : पाळीच्या दिवसांत काय करता? तिथे पुरुष उठून गेले, मुलंही उठली, मी त्यांना थांबा म्हटलं नाही. 2019 साली याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी गाजली होती, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली होती. बातमी सगळ्यांनी वाचलेली होती. पण दिवसाचा दंड आणि शस्त्रक्रिया यांच्यामधला रस्ता त्यांना त्या कोपीत, शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून दिसला.

अशा ठिकाणी आपण बोलायचं किती, हा प्रश्न उरतो. आमची मुलं पथनाट्य बसवून नेतात. स्वच्छता, व्यसनमुक्ती, मुलगी वाचवा. अभ्यासाला निघालेला माणूस आल्या आल्या शिकवायला का लागतो? आफ्रिकेतून परतलेल्या गांधींना गोखल्यांनी 1915 मध्ये वर्षभर देश हिंडायला सांगितलं होतं आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत द्यायचं नाही असं वचन घेतलं होतं. वीस वर्षांचं आंदोलन पाठीशी असलेल्या माणसाला वर्षभर गप्प राहायला सांगितलं जातं, आणि आमची दुसऱ्या वर्षाची मुलं उतरल्यापासून अर्ध्या तासात ढोलकी काढतात.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा या बाबतीत मला जवळचं वाटतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे, 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला हेही. त्यापेक्षा मोलाचं मला हे वाटतं की त्या गावाने स्वतःचा अभ्यास गट चालवला. विषय आधी अभ्यास गटात खल करून घ्यायचा, तिथे बाहेरचा माणूसही बसू शकतो, बोलू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभा घेणार, तोही सर्वसहमतीने. बाहेरून येणाऱ्याची जागा इतकी स्वच्छ आखून दिलेली मी कुठल्या विद्यापीठाच्या संशोधन-नीतीच्या कागदातही पाहिली नाही.

आणि आता ते बावीस जण, जे आले नाहीत. साठांच्या वर्गात अडतीस जणांनी पैसे भरले. माणशी साडेनऊ हजार. न आलेल्यांनी दिलेली कारणं : घरी लग्न, आजीची तब्येत, नोकरीत रजा नाही, बस लागते. पैसे नाहीत असं एकानेही लिहिलं नाही. सहलीच्या गुणांऐवजी त्यांना मी एकच विषय दिला, ‘मी का गेलो नाही’, खोटं लिहिलंत तरी चालेल म्हटलं. एका मुलीने आठ पानं लिहिली. तिच्या वडिलांनी फी विचारलीच नव्हती, ‘रात्री किती?’ एवढंच विचारलं होतं. त्याच डिसेंबरात तिचा भाऊ मित्रांबरोबर गोव्याला पाच रात्री जाऊन आला होता, आणि त्याची बॅग तिनेच भरली होती. त्या वर्षीच्या एकाही अहवालात त्या आठ पानांइतकं समाजशास्त्र नव्हतं.

इथे प्रश्न सार्वजनिक होतो. 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीला फील्ड प्रोजेक्टचे श्रेयांक (क्रेडिट) आले. श्रेयांक आले, पैसे आले नाहीत. परिणाम असा की ज्यांच्याकडे साडेनऊ हजार आहेत त्यांचं फील्ड म्हणजे देश, आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांना ‘स्थानिक प्रकल्प’, म्हणजे कॉलेजमागच्या वस्तीत पाच फॉर्म भरून आणायचे. ती वस्ती बहुतेक वेळा त्यांचीच असते. एका वर्गात दोन पंगती आम्ही अशा बसवल्या आहेत, श्रेयांकांसकट. रसायनशास्त्राच्या मुलांनाही प्रयोगशाळेची फी असते, पण आम्ल परवडत नाही म्हणून कुणाला टायट्रेशनऐवजी त्यावर निबंध लिहायला सांगत नाहीत.

पैसे नाहीत हे मला पटत नाही. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून आहे, तिच्या सात दिवसांच्या शिबिराला सरकार अनुदान देतं. मुलं जेवतात, राहतात, गावात असतात. समाजशास्त्र विभागाला तिथे साधं बोलावणंही नसतं. रेल्वे शैक्षणिक सहलीला सेकंड आणि स्लीपरच्या भाड्यात निम्मी सवलत देते, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना 75 टक्के. त्याचे फॉर्म भरायचा कंटाळा म्हणून आम्ही खासगी बस ठरवतो. बसमध्ये आपलेच लोक असतात. स्लीपरच्या डब्यात सुरतेहून ओडिशाला परतणारा यंत्रमाग कामगार समोर येऊन बसतो, न बोलावता.

जबाबदारीची भीती मात्र खरी आहे, तिची टिंगल मी करणार नाही. 2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून गेलेल्या सहलीतली मुलं बुडाली. त्यानंतर प्रत्येक प्राचार्य सहलीच्या अर्जावर सही करताना ती बातमी आठवतो. म्हणून आता ‘एका दिवसात जाऊन या’ असं होतं : आठ तास बस, दोन तास गाव. पण धोका कशात जास्त आहे? नऊ ठिकाणं गाठायला रात्रभर हायवेवर गाडी हाकण्यात, की एका गावात आठ रात्री मुक्काम करण्यात? मुक्काम स्वस्त पडतो, सुरक्षित पडतो, आणि तिसऱ्या दिवशी गाव पाहुणचार थांबवून आपापल्या कामाला लागतं, तेव्हा कुठे काही दिसायला लागतं.

यंदाचा प्रस्ताव मी असाच दिला आहे. साठही जणांसाठी, एक गाव जुलैत, एक तळ जानेवारीत, स्लीपरचं तिकीट, भांड्यांची पाळी चिठ्ठ्या टाकून, आणि अहवाल आधी गावात वाचून दाखवायचा, नंतर विद्यापीठाला. फाईल परवा कार्यालयातून परत आली. रकमेला हरकत नाही म्हणे. फक्त ‘साठही’ या शब्दाखाली कुणीतरी पेन्सिलीने रेघ ओढून समासात लिहिलंय, ‘इच्छुक विद्यार्थी असे करावे.’ मी ती रेघ खोडरबरने पुसून फाईल पुन्हा पाठवली आहे.